डागाची शाई आणि सहीची शाई

शाईचा एक थेंब कागदावर टाकावा, कागद मधोमध दुमडून हलकेच दाबावा आणि पुन्हा उलगडावा. दोन्ही अंगांनी सारखी अशी एक आकृती समोर उभी राहते. मुलांच्या ह्या खेळातील आकृतीला स्वतःचा असा काही अर्थ नसतो. तीत एकाला ढगांची रांग दिसते, दुसऱ्याला समोरासमोर बसून भांडणाऱ्या दोन बाया दिसतात, तिसऱ्याला नुसताच डाग दिसतो. डाग तोच, पाहणारे निराळे. तेव्हा दिसण्यातला हा फरक डागाचा नसून पाहणाऱ्याचा आहे हे उघड आहे. आणि तसे असेल, तर त्यावरून पाहणाऱ्याची पारख का करू नये, असा विचार कोणाच्या तरी मनात केव्हा तरी येणारच होता. तो आला, त्यातून एक शास्त्र उभे राहिले, आणि गेल्या साठ वर्षांत त्या शास्त्राच्या शेजारी संगणक येऊन बसला. मनुष्याने काय पाहिले ते आता यंत्र मोजते, त्याची वर्गवारी करते, आणि कित्येकदा त्या मनुष्याच्या स्वभावाचे वर्णनही यंत्रच लिहून देते. ह्या गोष्टीचे स्वागत कोठवर करावे आणि तिला कोठे थांबवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही मानसशास्त्रज्ञ नव्हे. आमचा दिवस नस्त्या, टिपण्या आणि शेरे यांच्या सहवासात जातो. परंतु एका मनुष्याविषयी दुसऱ्याने लिहिलेल्या चार ओळींनी पहिल्याच्या आयुष्याची दिशा कशी बदलते, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्यास कोणी निराळे सांगावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेतला असला तरी आम्हांस तो परका वाटत नाही, आणि घरापासून दूर बदलीवर असलेल्या आमच्या वाचकांसही वाटणार नाही.

ह्या कसोटीचा जनक हेरमान रोर्शाक हा स्विस वैद्य. १८८४ मध्ये झुरिक येथे त्याचा जन्म झाला. वडील चित्रकला शिकवीत. शाळेत सोबत्यांनी त्याला जे टोपणनाव दिले होते त्याचाही अर्थ ‘डाग’ असाच होतो. हेरिझाऊ येथील मनोरुग्णालयात काम करीत असताना त्याने अशा डागांच्या आकृत्या रुग्णांस आणि निरोगी माणसांस दाखविल्या, आणि ४०५ जणांची उत्तरे अभ्यासून १९२१ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासोबत दहा पत्ते होते. काही केवळ काळे-करडे, काही तांबड्या रंगाचा शिडकावा असलेले, काही सर्वस्वी रंगीत. पत्ता हातात देऊन एवढेच विचारावयाचे: “हे काय असावे?” ग्रंथ निघून वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो वारला. (हे पत्ते पाहणाऱ्याने पूर्वी पाहिलेले नसावेत अशी अपेक्षा असते; म्हणून त्यांवरील आकृत्यांचे वर्णन आम्ही येथे मुद्दाम करीत नाही.)

रोर्शाकच्या पद्धतीचे मर्म पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अमक्याला डागात साप दिसला म्हणून तो भित्रा, अशी ही स्वप्नफलाची पोथी नव्हे. काय दिसले यापेक्षा कसे दिसले, यावर त्याचा भर होता. पाहणाऱ्याने संपूर्ण डाग एका दृष्टीत घेतला की त्याचा एखादाच कोपरा धरला? उत्तर आकारावरून सुचले की रंगावरून? स्थिर डागात त्याला हालचाल दिसली काय? आणि त्याने सांगितलेली वस्तू त्या आकाराशी खरोखर मिळतीजुळती आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे मोजता येतात, त्यांची प्रमाणे काढता येतात. विशेष हे की, आपल्या ह्या उद्योगास त्याने ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘प्रयोग’ असेच म्हटले होते. पुढल्यांनी प्रयोगाची कसोटी केली, आणि कसोटीचा न्यायनिवाडा होण्यास फार काळ लागला नाही.

रोर्शाकच्या पश्चात ह्या विद्येचा खरा विस्तार अमेरिकेत झाला, आणि विस्ताराबरोबर फाटाफूटही आली. बेक, क्लॉफर, हर्ट्झ, पिओत्रोव्स्की आणि रॅपापोर्ट ह्या पाच पंडितांच्या पाच परंपरा निर्माण झाल्या. पत्ते तेच, उत्तरेही तीच. परंतु ती लिहून घेण्याचे, त्यांना गुण देण्याचे आणि त्यांवरून अनुमान काढण्याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. एकाच मनुष्याची उत्तरे दोन परीक्षकांपुढे ठेवली तर दोन निराळी माणसे कागदावर उभी राहावीत, अशी अवस्था आली.

परीक्षक प्रामाणिक असला तरी तो माणूसच असतो, आणि माणसाची दृष्टी त्याच्या अपेक्षेच्या मागे धावते. १९६९ मध्ये लॉरेन व जीन चॅपमन ह्या दांपत्याने याची जी परीक्षा घेतली ती बोधप्रद आहे. समलिंगी आकर्षणाला तेव्हाचे वैद्यक विकार समजत असे. ती समजूत पुढे वैद्यकानेच सोडून दिली. अशा पुरुषांच्या उत्तरांत कोणत्या खुणा आढळतात, असे अनुभवी चिकित्सकांस विचारले असता बहुतेकांनी नेमक्या त्याच खुणा सांगितल्या की ज्यांना संशोधनाचा आधार नव्हता, पण ज्या लोकसमजुतीला सहज पटत. नंतर ह्या विषयाचा गंधही नसलेल्या विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम रचलेली उत्तरे ठेवली. त्यांत खुणा आणि प्रवृत्ती यांचा परस्परसंबंध काहीच नव्हता, तरीही विद्यार्थ्यांना तोच संबंध ‘दिसला’. म्हणजे डाग केवळ तपासला जाणारा पाहतो असे नाही. तपासणाराही उत्तरांच्या डागात आपल्या मनातलेच पाहत असतो.

न्यूरेंबर्गची हकीकतही येथे आठवते. १९४५-४६ मध्ये तेथील तुरुंगात असलेल्या नाझी पुढाऱ्यांस डग्लस केली आणि गुस्टाव्ह गिल्बर्ट ह्या दोघांनी हे पत्ते दाखविले. एवढ्या भयंकर कृत्यांच्या मुळाशी असलेले मन कसे असते हे आता डागांतून कळेल, अशी अपेक्षा. परंतु दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत. गिल्बर्ट यांस त्यांत विकृती दिसली. केली यांस वाटले की अशी माणसे कोणत्याही देशात सापडतील. पुढे १९७६ मध्ये मॉली हॅरोवर यांनी नावे झाकून ती उत्तरे इतरांच्या उत्तरांत मिसळून तज्ज्ञांपुढे ठेवली, तेव्हा तज्ज्ञांस नाझींचा गट वेगळा ओळखता आला नाही. नाव ठाऊक असताना जे स्पष्ट दिसत होते, ते नाव झाकताच दिसेनासे झाले.

ह्या पार्श्वभूमीवर यंत्राचे आगमन झाले. पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते की, चिकित्सकाच्या अंतःप्रेरणेपेक्षा ठरीव हिशेबाने केलेले भाकीत बहुधा सरस, निदान बरोबरीचे ठरते. टेक्सास येथील वेन हॉल्ट्झमन यांनी १९६१ मध्ये दहांऐवजी ४५ डागांची नवी मालिका रचली, आणि प्रत्येक डागास एकच उत्तर असा दंडक घातला. कारण जुन्या कसोटीत कोणी बारा उत्तरे देई तर कोणी साठ, आणि त्यांची तुलना करणे अवघड होई. उत्तरांस अशी शिस्त लागताच ती गणकयंत्राला देणे सोपे झाले, आणि त्याच दशकात हॉल्ट्झमन-कसोटीचे गुण यंत्राकडून काढवून घेण्याचे प्रयोगही झाले. मूळ रोर्शाक-पत्त्यांच्या बाबतीत हे धाडस पिओत्रोव्स्की यांनी केले. आयुष्यभराच्या अनुभवातून त्यांनी जी अनुमाने बसविली होती ती शेकडो नियमांच्या रूपाने त्यांनी यंत्रात घातली, आणि १९६४ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे जॉन एक्स्नर यांनी पाचही परंपरांची छाननी करून १९७४ मध्ये एक समावेशक पद्धती मांडली. १९८० नंतरच्या दशकात तिच्यासाठी संगणकाच्या आज्ञावल्या निघाल्या आणि परीक्षकाने सांकेतिक खुणा भरताच स्वभाववर्णनाची पाने छापून मिळू लागली.

ह्यात लाभ नाही असे कोण म्हणेल? यंत्र थकत नाही. सकाळी तपासलेल्या मनुष्यास एक नियम आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आलेल्यास दुसरा, असे त्याच्याकडून होत नाही. समोरच्याचे आडनाव, पेहराव, बोलण्याची ढब यांचा त्याच्या बेरजेवर परिणाम होत नाही. हजारो उत्तरपत्रिकांतून कोणती खूण खरी आणि कोणती केवळ परंपरेने चालत आलेली, हे शोधण्याचे काम तर यंत्रावाचून होणेच कठीण. २०१३ मध्ये मिहुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स्नर-पद्धतीतील ६५ घटकांविषयीचे उपलब्ध संशोधन एकत्र तोलून पाहिले, तेव्हा विचारांतील विस्कळीतपणा आणि आकाराची यथार्थ जाण यांसारखे घटक चांगले टिकले, तर कित्येक घटकांना पुरेसा आधारच मिळाला नाही. २०१७ मध्ये रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाने डागांच्या कडा मोजल्या आणि दाखविले की, कडेची गुंतागुंत जितकी कमी तितक्या अधिक आकृत्या लोकांना दिसतात. येथे तपासला गेला तो डाग. कोणा मनुष्याचे त्यात काही बिघडले नाही. अशा संशोधनाविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु यंत्र निःपक्षपाती आहे, असे जे सरसकट म्हटले जाते ते आम्हांस मान्य नाही. पिओत्रोव्स्की यांच्या यंत्रातील नियम पिओत्रोव्स्की यांचेच होते. त्यांचे अनुमान जेथे चुकले असेल तेथे यंत्रही चुकणार. फरक इतकाच की, मनुष्य अधूनमधून चुकतो, यंत्र नियमाने चुकते. एक्स्नर-पद्धतीचेच उदाहरण घ्या. निरोगी मनुष्य कसा उत्तर देतो हे ठरविण्यासाठी ७०० जणांच्या उत्तरांचा आधार घेतलेला होता, आणि त्याच्याशी ताडून असंख्य लोकांच्या मनःस्थितीचा निर्णय होत असे. ह्या सातशेंतील दोनशेहून अधिक नोंदी दुबार धरल्या गेल्या होत्या, ही गोष्ट २००१ च्या सुमारास उघडकीस आली. ज्यांनी हजेरीपटात किंवा पगारपत्रकात एकच नाव दोनदा चढलेले पाहिले आहे त्यांना ह्या प्रकाराचे नवल वाटणार नाही. नवल वाटावे ते याचे की, छापील तक्त्याच्या रुबाबापुढे इतकी वर्षे कोणी नोंदी मोजून पाहिल्या नाहीत.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. डाग भाषारहित असला तरी उत्तर भाषेत द्यावे लागते, आणि शब्दाचे वजन ज्याचे त्या मुलखात ठरते. परप्रांतात राहणाऱ्या एखाद्या मराठी मनुष्याने डागाकडे पाहून “अंगात आलेली बाई केस मोकळे सोडून घुमते आहे” असे म्हटले, असे समजू. आपल्याकडील जत्रा ज्याने पाहिली आहे असा परीक्षक ह्यात काही विपरीत मानणार नाही. परंतु जेथे हे दृश्य ठाऊक नाही अशा ठिकाणी रचलेल्या यादीत ह्या उत्तरास कोणते गुण पडतील? वासुदेवाची टोपी, नंदीबैल, गौरीचे मुखवटे ही उत्तरे ‘सामान्य’ ठरतील की ‘विचित्र’? उत्तर दुसऱ्या भाषेत उतरवून मग यंत्रात घातले, तर तपासला जातो तो बोलणारा की भाषांतरकार? आपला प्रांत सोडून राहिलेल्या प्रत्येकास हा अनुभव आहे की, घरी जे बोलणे थट्टेचे समजतात ते बाहेर उद्धटपणाचे ठरते. यादी ज्या मुलखात तयार झाली तेथील सामान्य मनुष्य हाच सर्व जगाचा सामान्य मनुष्य, असे यंत्र गृहीत धरते. आणि हे गृहीत त्याने कोठेही लिहून ठेवलेले नसते.

आजचे संगणक अशी ठरीव यादी घेऊन बसत नाहीत, ते असंख्य वाक्ये आणि चित्रे पचवून स्वतःच शिकतात, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. पण शिकतात ते जे पुढे ठेवले त्यावरूनच. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील संशोधकांनी ‘नॉर्मन’ नावाची एक संगणकीय रचना मुद्दाम अशा मजकुरावर वाढविली की ज्यात मृत्यूच्या भीषण दृश्यांचीच वर्णने होती. नंतर तिला आणि सर्वसाधारण मजकुरावर वाढविलेल्या दुसऱ्या रचनेला शाईचे डाग दाखविले. जेथे दुसरीने फांदीवर बसलेले पक्षी पाहिले तेथे नॉर्मनला मृत्यू दिसला. यंत्रालाच रोर्शाकचे पत्ते दाखविण्याची ही कल्पना आम्हांस मार्मिक वाटते. मनुष्याची पारख करणाऱ्या यंत्राचे स्वतःचे संस्कार असतात, हे तिने सर्वांस समजेल अशा रीतीने दाखविले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते येथे दोन कामे आहेत, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. एक काम संशोधनाचे, दुसरे निर्णयाचे. संशोधनात हजार माणसे असतात. त्यांतील पन्नासांविषयी अंदाज चुकला तरी सरासरीला फारशी इजा होत नाही, आणि पुढचा संशोधक ती चूक सुधारतो. निर्णयात एकच मनुष्य असतो. मूल आईकडे राहावे की बापाकडे, कैद्याला सोडावे की ठेवावे, उमेदवाराला घ्यावे की परत पाठवावे, यांपैकी काहीतरी त्याच्यापुढे टांगलेले असते. आणि त्याच्याविषयी झालेली चूक त्याच्यापुरती शेकडा शंभर असते. हजारांसाठी खरे असलेले अनुमान ह्या एकासाठी खरे आहे काय, हे पाहण्यासाठी कोणीतरी त्या एकाकडे मान वर करून पाहावे लागते. ते पाहण्याचे कर्तव्य बेरजेला बजावता येत नाही.

आपल्या देशात ही गोष्ट काल्पनिक नव्हे. सैन्यातील अधिकारपदासाठी सेवा निवड मंडळापुढे जाणाऱ्या तरुणास धूसर चित्रे अर्धा मिनिट दाखवून प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट लिहावयास सांगतात. अकरा चित्रांनंतर बारावा पडदा कोराच असतो. डागांचे पत्ते हे नव्हेत, पण तत्त्व तेच: अस्पष्टात तू काय पाहतोस त्यावरून तू कोण हे ठरणार. आज ती गोष्ट मानसशास्त्रज्ञ वाचतो. उद्या ती यंत्राने वाचावी असे कोणी सुचविले, तर वेळ वाचेल हे खरेच, पण नाकारलेल्या तरुणाने “का?” असे विचारले तर उत्तर कोण देणार?

कचेरीत आम्ही एक गोष्ट शिकतो: टिपणी कोणीही तयार करो, आदेश ज्याच्या सहीने निघतो तो त्याचा धनी. सही म्हणजे शोभेची रेघ नव्हे. ‘मी हे वाचले, मला हे पटले, उद्या विचारणा झाली तर मी उभा राहीन’ अशी ती प्रतिज्ञा असते. यंत्र कितीही शहाणे झाले तरी त्याला उद्या उभे राहावे लागत नाही. त्याची पदोन्नती थांबत नाही, त्याला रात्री झोप लागत नाही असे होत नाही, आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या डोळ्यांस डोळा भिडविण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. खिडकीवर आलेल्या नागरिकास “सिस्टीम घेत नाही” हे उत्तर मिळते, तेव्हा त्या क्षणी नाकारणारा कोणीच नसतो. नकार मात्र असतो. रेशनकार्डावरील नावाच्या बाबतीत हे त्रासदायक आहे; मनुष्याच्या मनाविषयी असा धनी नसलेला निर्णय निघणे हा आम्ही अन्याय समजतो.

यावर एक आक्षेप सबळ आहे, तो टाळून चालणार नाही. मनुष्याची सही तरी कोठे एवढी जिवंत असते? वरीलप्रमाणे मान्य, असे न वाचता लिहिणारे अधिकारी थोडे आहेत काय? आणि चॅपमन दांपत्याने दाखविल्याप्रमाणे मनुष्य स्वतःच पूर्वग्रहांचा गुलाम असेल, तर त्याच्या सहीने न्याय तो काय वाढणार? आक्षेप खरा आहे. परंतु न वाचता केलेल्या सहीला दोष देता येतो, तो याचसाठी की सही करणाऱ्याने वाचावयास हवे होते हे आपण सर्व मानतो. पूर्वग्रहाने लिहिलेला शेरा रद्द करवून घेता येतो, तो याचसाठी की तो कोणाचा तरी आहे. सही काढून टाकल्याने कर्तव्यच्युती नाहीशी होत नाही. फक्त ती ओळखण्याचे साधन नाहीसे होते. यंत्राचा खरा धोका त्याच्या चुकीत नसून, परीक्षकाने त्याच्या आड उभे राहण्यात आहे. यंत्र म्हणते, मी केवळ हिशेब केला. परीक्षक म्हणतो, मी केवळ हिशेब जोडला. दोघांच्या मध्ये तो तपासला गेलेला मनुष्य एकटाच उरतो.

दुसरी गोष्ट उत्तर देण्याच्या हक्काची. आपल्या गोपनीय अहवालांचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. प्रतिकूल शेरा तेवढा कळविला जाई. ‘चांगला’ हा शेरा पदोन्नतीच्या पट्टीस अपुरा पडला तरी तो ज्याचा त्यास कळत नसे. देव दत्त विरुद्ध भारत संघ ह्या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे असे ठरविले, आणि २००९ पासून केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखविण्याची व त्यावर म्हणणे मांडू देण्याची पद्धत घातली. एक ते दहा अंकांत मनुष्य मावतो असे कोणी मानीत नाही. पण आपल्याला किती अंक मिळाले आणि ते कोणी दिले हे कळले, म्हणजे निदान बोलता येते. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या प्रकरणात त्याच न्यायालयाने संमतीवाचून केलेल्या नार्को-चाचणीसारख्या परीक्षा घटनाबाह्य ठरविल्या. तो निकाल डागांविषयी नव्हता. पण मन हेही मनुष्याचे घर आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर परवानगी विचारावी लागते, हे तत्त्व त्यात आहे. डागांची कसोटी तर ह्या बाबतीत अधिकच जपण्याजोगी. कारण येथे मनुष्य स्वखुशीने बोलतो, पण आपण काय उघड केले हे त्यालाच ठाऊक नसते.

पत्त्यांचे गुपित फुटले तर कसोटीच निकामी होईल, असे येथे शास्त्रज्ञ म्हणतील. २००९ मध्ये दहाही पत्ते विकिपीडिया ह्या खुल्या ज्ञानकोशात प्रसिद्ध झाले तेव्हा हाच वाद माजला होता. गुपित राखण्यास आमची ना नाही. परंतु पत्ते झाकून ठेवणे वेगळे आणि निष्कर्ष झाकून ठेवणे वेगळे. प्रश्नपत्रिका गुप्त असावी. निकाल आणि त्याची कारणे ज्याची त्यास मिळावीत.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. डाग मोजावयाचे असोत, हजार उत्तरांतून खरी खूण निवडावयाची असो, किंवा परीक्षकाचे पूर्वग्रह उघडे पाडावयाचे असोत. ह्या कामी संगणकास खुशाल बसवावे, आणि त्याने दाखविलेल्या चुका निमूटपणे मान्य कराव्यात. त्याच्या नियमांचा उगम कोणत्या माणसांत आणि कोणत्या भाषेत आहे, हे मात्र प्रत्येक अहवालावर नमूद असावे. आणि अहवाल एखाद्या मनुष्याचे भवितव्य ठरविणार असेल, तर त्याखाली अशा एका व्यक्तीची सही असावी की जिने त्या मनुष्यास समोर बसवून पाहिले आहे, जी त्याची भाषा जाणते, आणि जी “आपण असे का लिहिले?” ह्या त्याच्या प्रश्नास स्वतःच्या तोंडाने उत्तर देण्यास बांधलेली आहे. “हे काय असावे?” असा प्रश्न डागाविषयी यंत्रालाही विचारता येईल. “हा मनुष्य कसा असावा?” ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याला त्याची जोखीम उचलावयाची आहे त्यानेच द्यावे.